सत्त्याऐंशीपट लहान वाघीण

इंजिनाच्या प्रेमात सगळेच पडतात. अमेरिकेत मात्र काही मंडळी मालगाडीच्या मळकट डब्यांवर फिदा आहेत. आणि त्यांना ‘डबा’ चालत नाही, ‘तोच डबा’ लागतो. त्याच सालातला, त्याच महिन्यातला!

रेल्वे फाटक बंद आहे. तुमच्या बाइकचं इंजिन बंद, हेल्मेटची काच वर, मागे हॉर्नचा कल्ला, आणि समोरून मालगाडी चाललीये. संपतच नाही. लहानपणी आपण डबे मोजायचो, आता मोबाइल बाहेर काढतो. चाळीस-पन्नास डबे डोळ्यांसमोरून जातात. फाटक उघडल्यावर तुम्हाला कोणी विचारलं, की बाबा रे, शिडी डाव्या बाजूला होती की उजव्या? दार किती रुंद होतं? छपरावर काय होतं? सांगता येईल?

नाही येणार. मलाही नसतं आलं. मालगाडीचा डबा ही जगातली सर्वांत जास्त पाहिलेली आणि सर्वांत कमी बघितलेली वस्तू असावी. आपल्या वर्तमानपत्रांनी तिला निदान एक झकास नाव दिलं, ‘वाघीण’. ‘मालगाडीच्या पाच वाघिणी घसरल्या’ अशी बातमी वाचली की लहानपणी माझ्या डोळ्यांसमोर थेट जंगलच यायचं. ‘वॅगन’चं मराठीत येताना हे असं झालं. या लेखात मी तोच शब्द वापरणार आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसंसुद्धा वॅगनकडे वाघीण पाहिल्यासारखीच बघतात. श्वास रोखून.

मॉडेल रेल्वेचा छंद अमेरिकेत जुना आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना, एनएमआरए, १९३५ मध्ये मिलवॉकीत स्थापन झाली. सगळ्यात लोकप्रिय माप म्हणजे ‘एचओ’. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचे साडेतीन मिलिमीटर. म्हणजे खरी गाडी मॉडेलच्या साधारण ८७ पट मोठी. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. चाळीस फुटी वाघीण या मापात वीतभरही भरत नाही.

बहुतेक हौशी लोक इंजिनाने सुरुवात करतात. धूर, भोंगा, चकाकणारं पितळ, सगळं ग्लॅमर तिथेच. त्याच्यामागे जे मिळतील ते डबे लावले की झालं. पण याच छंदात एक वेगळी जमात आहे. तिचं म्हणणं असं, की इंजिन एक आणि डबे पन्नास. मग गाडी म्हणजे नक्की काय? इंजिन की डबे? या जमातीला बाकीचे लोक ‘रिव्हेट काउंटर’ म्हणतात. रिव्हेट मोजणारे. शब्द चिडवायला निघाला, पण आता बरेच जण तो अभिमानाने मिरवतात. आपल्याकडे ‘पुणेकर’ शब्दाचं झालंय तसंच.

एक महिना ठरव

माझा आतेभाऊ या जमातीतला. शिकागोजवळ राहतो, दिवसभर बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री तळघरात वाघिणी बनवतो. गेल्या डिसेंबरात आला तेव्हा सगळ्यांसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी एक चपटा खोका. आत चाळीस फुटी पोलादी बॉक्सकारचं प्लॅस्टिक किट. बॉक्सकार म्हणजे चारी बाजूंनी बंद, मधोमध सरकतं दार असलेली वाघीण. १९३७ मध्ये अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने जे डिझाइन प्रमाण मानलं, त्याची ही प्रतिकृती. आतून दहा फूट उंच, पन्नास टन माल वाहणारी.

मला वाटलं, वीकेंडचं काम आहे. चिकटवायचं आणि शेल्फवर ठेवायचं.

‘‘आधी महिना ठरव,’’ दादा म्हणाला.

‘‘कसला महिना?’’

‘‘ही वाघीण तू कुठल्या महिन्यातली बनवतेयस? साल आणि महिना. त्याशिवाय ब्रेकसुद्धा चिकटवता येणार नाही.’’

त्याने स्वतः ऑक्टोबर १९५३ धरलाय. त्याच्या तळघरात दुसरा कुठलाही महिना उजाडत नाही. ऑक्टोबर का? तर सुगीचा हंगाम, धान्य वाहायला देशभर वाघिणींची मारामार, त्यामुळे एकाच गाडीत भलत्याच गावच्या, भलत्याच कंपन्यांच्या वाघिणी शोभतात. १९५३ का? तर वाफेची इंजिनं अजून गेलेली नाहीत आणि डिझेलची आलेली आहेत. दोन्हींची मजा. मीही तोच महिना घेतला. डायनिंग टेबलवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, चिमटा, ब्लेड आणि चिमटीत धरून फिरवायचा इवलासा ड्रिल मांडला आणि सुरू केलं. आई रोज विचारायची, ‘‘अगं, जेवायचं कुठे?’’

तारखेचा हा आग्रह ऐकायला खुळा वाटतो. पण वाघीण वर्षागणिक बदलत जाते, आणि प्रत्येक बदलामागे काहीतरी घडलेलं असतं. छपराचंच बघा. जुन्या अमेरिकन बॉक्सकारच्या छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्यांची चिंचोळी पायवाट असायची. ब्रेकमन तिच्यावरून चालायचा, धावत्या गाडीवर. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नव्या वाघिणींवर लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी जाळी आली, म्हणजे बर्फ-पाणी साचणार नाही आणि पाय घसरणार नाही. १९६६ पासून नव्या बॉक्सकारवर पायवाटच बंद झाली, कारण एव्हाना छपरावर चढायचं कामच उरलं नव्हतं. जुन्या वाघिणींवरची काढायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे छपराकडे एक नजर टाकली की काळ कळतो.

किंवा युद्धच घ्या. १९४२-४३ मध्ये पोलाद रणगाड्यांकडे आणि जहाजांकडे वळलं. मग वाघिणींचा सांगाडा पोलादी आणि अंग लाकडी, असा जुगाड झाला. कोळशाच्या उघड्या वाघिणींनाही फळ्या लागल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या अनेकींच्या फळ्या काढून पुन्हा पत्रा ठोकला. एकच वाघीण, एकच नंबर, पण १९४४ मध्ये लाकडी आणि १९५० मध्ये पोलादी. आता सांगा, महिना ठरवल्याशिवाय कशी बनवणार?

माझा सगळ्यात आवडता किस्सा रंगीत पट्ट्यांचा. १९६७ मध्ये अमेरिकन रेल्वेने ठरवलं, की प्रत्येक वाघिणीच्या अंगावर आडव्या रंगीत पट्ट्यांची एक पाटी लावायची. रुळाशेजारचा स्कॅनर ती वाचेल आणि कोणाची वाघीण कुठे आहे हे यंत्राला कळेल. मॉलमध्ये बिल करताना जो ‘टुं’ आवाज येतो ना, त्या बारकोडची ही थोरली बहीण. किराण्यातला पहिला बारकोड स्कॅन झाला १९७४ मध्ये, म्हणजे नंतर. पण रेल्वेतल्या पाटीवर धूळ बसायची, कोळशाची काजळी बसायची, आणि स्कॅनर आंधळा व्हायचा. १९७७ मध्ये प्रकरण गुंडाळलं. त्यामुळे १९७२ च्या मॉडेलवर ही पाटी नसेल तर जाणकार भुवई उंचावतो. आणि १९६० च्या मॉडेलवर असेल तर? मग चहा घेऊनच बसावं लागतं.

सगळ्यात फसवी वाघीण मात्र सगळ्यात देखणी आहे. बर्फावर चालणारी शीतवाघीण. १९२० च्या दशकात मांस, चीज, बिअर विकणाऱ्यांनी तिच्या अंगावर आपल्या मोठमोठ्या रंगीत जाहिराती रंगवल्या. चालती-फिरती होर्डिंगं! १९३४ मध्ये तिथल्या वाणिज्य आयोगाने या प्रकाराला चाप लावला, कारण एका कंपनीची जाहिरात असलेल्या वाघिणीतून तिच्याच स्पर्धकाचा माल न्यायची वेळ यायची. काही वर्षांत त्या रुळांवरून नाहीशा झाल्या. पण खेळण्यांच्या दुकानातून नाही! रंगीत डबा खपतो. त्यामुळे अमेरिकेतल्या हजारो घरांत १९५० च्या इंजिनामागे १९३० ची जाहिरात अजूनही धावतेय. दादाकडेही अशी एक आहे, लहान मुलीने निवडलेली. ती कपाटावर असते. रुळांवर यायची तिला परवानगी नाही.

डब्याच्या अंगावरची डायरी

वाघिणीच्या बाजूवर जी बारीक पांढरी अक्षरं असतात, ती मी पहिल्यांदा किटमधल्या डेकलवर भिंगातून वाचली. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छपाई. कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर मोठ्या अक्षरांत. खाली तीन ओळी. पहिली क्षमता, दुसरी जास्तीत जास्त किती माल भरायचा ते, तिसरी रिकाम्या वाघिणीचं वजन. सगळं पौंडांत.

‘‘खालच्या दोन आकड्यांची बेरीज कर,’’ दादा म्हणाला. केली. १,६९,००० आली.

त्या काळातल्या कुठल्याही पन्नास टनी वाघिणीवर ही बेरीज १,६९,००० च यायची. कारण चार आसांवर मिळून एकूण तेवढाच भार टाकायची परवानगी होती. वाघीण जड तर माल कमी, वाघीण हलकी तर माल जास्त. वजनाशेजारी वर्कशॉपची खूण आणि तारीख असते. लाकूड वाळतं, भिजतं, पत्रे बदलतात, म्हणून ठरावीक काळाने वाघीण पुन्हा तोलायची आणि नवा आकडा रंगवायचा. म्हणजे जुन्या, मळलेल्या रंगावर ताज्या रंगाचा एक छोटा चौकोन आणि त्यावर नवे आकडे. मॉडेलवाले हा चौकोनसुद्धा वेगळ्या छटेत रंगवतात. एका कोपऱ्यात आणखी एक तारीख. आसाच्या टोकाशी असलेल्या डबीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा असायचा, तो शेवटचा कधी बदलला त्याची. बोळा सुकला की आस तापायचा, धूर निघायचा, प्रसंगी आस तुटून गाडी घसरायची. तर ही तारीख अशी महत्त्वाची. मॉडेलवर तिची उंची? अर्धा मिलिमीटरही नाही.

उगाच अमेरिकेचं कौतुक नको. आपल्याकडेही वाघिणींवर आणि डब्यांवर अशी डायरी असते. लोकलची वाट बघताना डब्याच्या टोकाकडे नजर टाका. ‘पीओएच’, वर्कशॉपचं लघुनाव आणि तारीख. म्हणजे मोठी दुरुस्ती कुठे झाली, कधी झाली. मी इतकी वर्षं लोकलने जातेय, पण हे वाचायला लागले ते या प्लॅस्टिकच्या खोक्यामुळे.

बोटं जायला जागा

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दांड्यांमध्ये. वाघिणीच्या कोपऱ्यावर चढण्या-उतरण्यासाठी, धरण्यासाठी लोखंडी दांड्या असतात. स्वस्त मॉडेलमध्ये त्या बाजूच्या पत्र्यावरच उठावात असतात, भिंतीवरच्या नक्षीसारख्या. चांगल्या मॉडेलमध्ये प्रत्येक दांडी सुट्या तारेची. ०.३ मिलिमीटर जाडीची तार, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. तिच्यासाठी दोन भोकं पाडायची, चिमट्याने बसवायची, आणि पूर्ण आत ढकलायची नाही. तार आणि पत्रा यांच्यात फट ठेवायची. फट सारखी यावी म्हणून मध्ये प्लॅस्टिकची एक पट्टी धरायची आणि मग गोंदाचा थेंब.

चौथ्या दांडीला माझा संयम संपला. ‘‘ही फट कोणाला दिसणारे?’’

दादाने उत्तर दिलं नाही. मोबाइलवर त्याने एक कागद उघडून दाखवला. १९११ चा अमेरिकन सरकारी नियम. वाघिणीवरच्या प्रत्येक दांडीची जाडी किमान पाच अष्टमांश इंच. लांबी किमान सोळा इंच. आणि दांडी व पत्रा यांच्यात किमान दोन इंच मोकळी जागा, शक्यतो अडीच. भागिले ८७ केलं की अडीच इंचाचा पाऊण मिलिमीटरही होत नाही. मी जी फट सांभाळत होते, ती तीच. हातमोजा घातलेल्या माणसाची बोटं जायला जागा.

हा नियम का करावा लागला, ते शोधताना मी बराच वेळ वाचत बसले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दोन वाघिणी जोडायच्या म्हणजे एक लोखंडी कडी आणि एक खिळा. एक वाघीण उभी, दुसरी हळूहळू येतेय. मध्ये ब्रेकमन उभा, हातात कडी. नेमक्या क्षणी कडी खाचेत घालायची, हात मागे घ्यायचा आणि खिळा टाकायचा. हात मागे घ्यायला उशीर झाला तर बोटं जायची. कधी माणूसच. असं म्हणत, की जुना ब्रेकमन ओळखायचा तर त्याच्या हाताची बोटं मोजावीत. आणि ब्रेक लावायचा तर छपरावरून पळत जाऊन प्रत्येक वाघिणीचं चाक हाताने फिरवायचं. पावसात, बर्फात, रात्री.

यावरचे उपाय माहीत नव्हते असं मुळीच नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा हवेच्या दाबावरचा ब्रेक १८६९ चा. आपोआप अडकणाऱ्या कपलरचं एली जॅनीचं पेटंट १८७३ चं. पण ते बसवायचे म्हणजे खर्च, आणि ब्रेकमन स्वस्त होता. आयोवातल्या लॉरेन्झो कॉफिन नावाच्या गृहस्थाने वर्षानुवर्षं या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. शेवटी २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. स्वयंचलित कपलर आणि हवेचे ब्रेक सक्तीचे. दांड्या, शिड्या, पायऱ्या यांची नेमकी मापं त्यानंतर, १९१० चा कायदा आणि १९११ चा आदेश यांत आली.

जॅनीच्या कपलरचा आकार म्हणजे बोटं वाकवून दोन हात एकमेकांत अडकवल्यासारखा. मॉडेलवरही तोच आकार आहे, आणि तो खरोखर आपोआप अडकतो. ओरेगनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी असे छोटे कपलर बनवले. के आणि डी, म्हणून कंपनीचं नाव ‘केडी’. रुळांखाली चुंबक ठेवला की ते सुटतातही. दोन बोटांनी वाघीण ढकलायची, ‘टिक्’ आवाज येतो आणि जोडली जाते. मी ते दहा-बारा वेळा नुसतंच करून बघितलं. हात मध्ये घालावा लागला नाही.

उरलेल्या दांड्या मी न कुरकुरता बसवल्या.

कचऱ्यातून आलेली कागदपत्रं

ही सगळी माहिती येते कुठून? गुगलवर सापडतं, पण कोणीतरी आधी वाचवलं म्हणून. वाघिणी बनवणारे कारखाने नवीन वाघिणीचा बाजूने, स्वच्छ उजेडात एक फोटो काढून ठेवत. आज ते फोटो म्हणजे या मंडळींचा वेद. पुलमन-स्टँडर्ड कंपनीने १९४७ पासून ‘पीएस-१’ नावाची बॉक्सकार काढली. १९६३ पर्यंत एक लाखाहून जास्त. नाव एकच, पण दारं सहा, सात, आठ फुटी, आणि कंपनीगणिक तपशील निराळे. पुलमनचे नकाशे आणि फोटो आज इलिनॉय रेल्वे म्युझियमच्या ग्रंथालयात आहेत. युनियन नावाच्या छोट्या गावात. त्याच म्युझियममध्ये खऱ्या वाघिणीही उभ्या आहेत. दादा आणि त्याचे मित्र तिथे टेप घेऊन जातात. बाकीचे लोक इंजिनासमोर सेल्फी काढत असतात, हे लोक वाघिणीखाली उताणे.

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. पेन्सिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन बलाढ्य कंपन्या १९६८ मध्ये एक झाल्या आणि १९७० मध्ये दिवाळखोर. तोवरच्या अमेरिकेतली ती सर्वांत मोठी दिवाळखोरी. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, ऑफिसं रिकामी होतात तेव्हा फायलींचं काय होतं, हे आपल्यापैकी ज्यांनी एखादं मर्जर पाहिलंय त्यांना सांगायला नको. बरंच काही कचऱ्यात गेलं. थोडंफार हौशी लोकांनी अक्षरशः कचऱ्यातून उचललं. आज जवळजवळ प्रत्येक जुन्या रेल्वे कंपनीच्या नावाने हौशी लोकांची एक हिस्टॉरिकल सोसायटी आहे. कंपनी नाही, पण सोसायटी आहे.

त्यातला सगळ्यात अनमोल ऐवज दिसायला फालतू असतो. मालगाडीच्या कंडक्टरची वही. (तिकडचा कंडक्टर म्हणजे आपला गार्ड.) अमुक तारखेच्या गाडीत कुठल्या कंपनीची, कुठल्या नंबरची वाघीण होती, भरलेली की रिकामी, आत काय होतं. पेन्सिलने, घाईघाईत. अशा वह्यांवरून या लोकांना एक गंमत कळली. पूर्वी प्रत्येक हौशी माणूस आपल्या लाडक्या कंपनीच्या वाघिणी जास्त ठेवायचा. पण बॉक्सकार देशभर भटकायची. माल उतरवला, की दुसरा माल भरून भलतीकडे. म्हणून गाव आयोवातलं असो की नेब्रास्कातलं, तिथल्या गाडीत पूर्वेकडच्या पेन्सिल्व्हेनियाच्या आणि न्यूयॉर्क सेंट्रलच्या बॉक्सकार भरपूर दिसणार, कारण त्यांच्याकडे त्या होत्याच भरपूर. याउलट कोळशाच्या वाघिणी खाण आणि गिऱ्हाईक यांच्यातच येरझाऱ्या घालायच्या. म्हणजे तळघरातल्या गाडीत कोण कोणाशेजारी उभं राहणार, हेसुद्धा देशाच्या व्यापाराने ठरवायचं.

रंगाबद्दल न बोललेलंच बरं. ‘बॉक्सकार रेड’ नावाचा एक रंग असतो, असं तुम्हाला वाटेल. नसतो. लोहाच्या ऑक्साइडचा स्वस्त रंग, प्रत्येक कंपनीची छटा वेगळी, आणि पुरावे बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट. या विषयावर मैत्री तुटल्याचं दादा शपथेवर सांगतो.

हे जरा अतिच नाही का?

थोडं आहे. ‘तीन फुटांवरून बरं दिसलं की झालं’, असं मानणारा मोठा वर्ग याच छंदात आहे, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. सगळ्यांना इतिहासकार व्हायचं नसतं, काहींना ऑफिसनंतर फक्त गाडी पळवायची असते. दुसऱ्याच्या टेबलापाशी जाऊन, न विचारता चुका काढणारे रिव्हेट काउंटर असतात, आणि ते लग्नात पंगतीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्या काकांइतकेच वैताग आणतात. छंद म्हाताऱ्या पुरुषांचा, ही तक्रारही जुनी आहे. दादाच्या क्लबमध्ये तो पन्नाशीला टेकलाय तरी ‘यंग मॅन’ म्हणवून घेतो.

शिवाय पैसा. पूर्वी स्वस्त किट आणि आपली मेहनत असा हिशेब होता. आज चीनमध्ये बनून येणाऱ्या तयार वाघिणी इतक्या तपशीलवार असतात, की करायला काही उरतच नाही. एक चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात. म्हणजे आपले चार हजारांच्या आसपास, एका डब्याला. पन्नास डब्यांची गाडी करा, ईएमआय काढावा लागेल. मला विचाराल तर तयार वाघीण घेण्यात मजा नाही. माझी वाघीण तिच्यापुढे गावठी दिसते. पण तिची प्रत्येक दांडी मला तोंडपाठ आहे.

पुणेकरांना कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम माहीत असेल. १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे सगळं शहर हलतं, दिवे लागतात, गाड्या एकमेकींना चुकवत पळतात, पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. त्या मजेला तोड नाही. पण आपल्या चारचाकी वाघिणी, ज्यांतून या राज्याचा कापूस आणि साखर गेली, त्या रुळांवरून हटल्या. त्यांची मापं, त्यांचे रंग, त्यांच्यावरची अक्षरं टेप लावून कोण उतरवून ठेवतंय? एखाद्या निवृत्त गार्डच्या माळ्यावर तशी पेन्सिलची वही असेलच. या दिवाळीत माळा साफ करताना जरा बघून टाका, एवढंच म्हणते.

माझी वाघीण आता जवळपास पूर्ण आहे. वजन ११० ग्रॅमच्या आसपास आणलंय. एनएमआरएचा नियमच आहे, एचओ मापात आधी एक औंस आणि मग लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे वळणावर डबा कलंडत नाही. पोटाखाली ब्रेकची टाकी, नळ्या, दांडे सगळं बसवलंय, जे आता जन्मात कोणाला दिसणार नाही. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दादाला दाखवली. त्याने भिंग मागितलं. कॅमेऱ्यापुढे भिंग धरलं.

‘‘चाकं गंजकी का रंगवलीस?’’

‘‘लोखंड आहे ना दादा, गंजणारच.’’

‘‘अगं, १९५३. तेलाचा बोळा. ते तेल गळून चाकावर उडणार, त्यावर धूळ बसणार. काळी, चिकट दिसायला हवीत. गंजकी चाकं रोलर बेअरिंगवाल्यांची, ती नंतरची.’’

‘‘हा रंग उद्या निघेल?’’

‘‘निघेल. आणि घासलेला भाग तेवढा चकचकीत ठेव, जिथे रूळ लागतो तो.’’

चाकं सध्या वाटीत, थिनरमध्ये भिजतायत. पुढची वाघीण मी ठरवूनही टाकलीये. पेन्सिल्व्हेनियाची ‘एक्स-२९’, १९२४ पासून हजारोंनी बनलेली, बाकीच्यांपेक्षा बुटकी, गाडीत उभी राहिली की छपरांच्या रांगेत एकदम खड्डा पडल्यासारखी दिसते. दादाला सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, ‘‘छान आहे. पण ऑर्डर देण्याआधी दाराचा प्रकार ठरव. तिच्यात बरेच आहेत.’’